धुक्यातली शेवटची गाडी

"पुन्हा लावा," कानसेन म्हणाला.

पक्षी. पक्षी. लांबून गुरगुर. मग एकापाठोपाठ एक गाड्या, कापड टराटरा फाडल्यासारख्या. शेवटची जरा मागे. तिसरा गिअर पडताना तिला बारीक उचकी लागते. सायकलचा खणखणाट. मग बराच वेळ एकही पक्षी नाही.

डेंटिस्टबाईंनी मोबाइल टायरच्या चळतीवर ठेवला. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या त्या अध्यक्ष. क्लबचं ऑफिस म्हणजे हेच भाड्याचं गॅरेज.

"गच्चीवर एक बाई पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत होती, म्हणून एवढं तरी हाती लागलं," त्या म्हणाल्या. "धुक्यात दिसलं कुणालाच काही नाही. पण शेवटच्या गाडीनं सायकलवरून उडवलेल्या पेपरवाल्यानं पडता पडता तिच्या काचेवर आपल्या क्लबचं गोल स्टिकर पाहिलं. कुठल्यातरी रॅलीवाल्यांच्या शर्यतीत आपला कोणीतरी घुसला होता. काल एका पेशंटनं तोंड उघडायच्या आधी मला विचारलं, 'त्याच गाडीवाल्या ना तुम्ही?' आता सांगा, त्या माणसाच्या दाढेत ड्रिल घालताना माझा हात कसा स्थिर राहणार?"

उद्या सकाळी वाहतूक अधिकाऱ्याला नाव द्यायचं होतं. नाही दिलं, तर क्लबला रविवारी गाड्यांसाठी मिळणारं मैदान बंद. कायमचं.

नाव कानसेननंच काढायचं होतं. त्याचं श्रवणयंत्रांचं दुकान. लोक त्याच्याकडे न ऐकू येणारे कान घेऊन येत आणि त्याच्या कानांकडे अचंब्यानं बघत. मैदानाच्या फाटकाकडे पाठ करून उभा राहिला तरी आत येणारी गाडी कुणाची, हे तो सांगायचा. सध्या तर एका डोळ्यावर पट्टीच होती. ती शर्यत झाली त्या सकाळी तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होता. बायको नाश्ता घेऊन आली होती. शहराच्या त्या टोकाहून आणलेला चहा, पण जीभ भाजली होती.

"पुन्हा."

पक्षी. गुरगुर. उचकी.

डेंटिस्टबाईंची नाही, तिचा पट्टा कुईकुई करतो. वकिलाची नाही, ती खोकते. जुळ्या भावांची तर या वेगाला खिळखिळी होऊन रस्त्यावर पसरली असती. एकेक गाडी बाद होत गेली. आवाज मात्र ओळखीचा वाटत होता. तसा तो कधी गोंधळत नसे. आज कान हो म्हणत होते आणि डोकं नाही.

"टर्बो, तुझ्या नव्या सायलेन्सरचा आवाज मी ऐकलेला नाही."

टर्बो शाळेची बस चालवायचा. त्याला हे नाव चेष्टेनं पडलं होतं.

"आणि ऐकणारही नाही," टर्बो म्हणाला. "काढून भंगारात दिला. बोंबलायचा फार."

"कधी दिलास?"

"गेल्या आठवड्यात. का हो? असं काय बघताय?"

डेंटिस्टबाईंनी मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला.

"अहो, माझ्या बसला सायकली मागं टाकतात! पोरं खिडकीतून गोगलगाईंना टाटा करतात! मी शर्यतीत?" टर्बोनं हसायचा प्रयत्न केला. "शाळेत कळलं, तर दुसऱ्या दिवशी बसची किल्ली काढून घेतील. दुसरं काही येत नाही मला."

"बाकी सगळ्या गाड्या मी ओळखतो," कानसेन म्हणाला. "त्यातली ही नाही. उरली तुझी."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय ठरलं?"

"टर्बो."

तिच्या हातातला शर्ट अर्धाच दुमडला गेला. "तो? तो तर स्पीडब्रेकरची माफी मागून पुढे जातो."

"मलाही पटत नाहीये. पण कानांचं काय करू?"

"पेपरवाला कसा आहे?"

"हाड जुळेल म्हणतात. तू रोज विचारतेस."

"आणि टर्बोचं काय होणार?"

"त्यानं आधी विचार करायचा होता. असल्या एकामुळे आपण सगळे गुंड ठरतो. अशा लोकांचं गाडीवर प्रेमच नसतं गं. नुसती मस्ती."

"असतं हो," ती शर्टाकडे बघत म्हणाली. "कधी कधी फारच असतं. आणि कोणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही."

"म्हणजे?"

"काही नाही. जेवायला चला."

सकाळी तो टॅक्सीला फोन लावत होता. तिनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"टॅक्सी नको. तुम्ही फाटकापाशी उभे राहा. मी गाडी काढते."

"तू? अगं, क्लच जड आहे तिचा. इतक्या वर्षांत माझ्याशिवाय कोणी–"

"उभे राहा म्हटलं ना. मला तोंडानं सांगता येत नाहीये. तुम्ही नुसतं ऐका."

ती शेडकडे गेली. त्याला काही उमगेना. अधिकाऱ्याची वेळ होत आली होती आणि ही बाई आजच कुठला हट्ट घेऊन बसली!

इमारतीच्या मागं इंजिन जागं झालं. गाडी बाहेर आली, त्याच्यासमोर थांबली नाही, मोकळ्या रस्त्यावर सुसाट निघाली. दुसरा गिअर. तिसरा, आणि तीच बारीक उचकी. वळणावर ब्रेकचा लाल दिवासुद्धा लागला नाही.

कानसेननं फाटकाचा गज धरला. आपली गाडी त्यानं आजवर बाहेरून कधी ऐकलीच नव्हती.