कोणी बघत नाही

"कोस्ट इज क्लिअर," सून फोनवर हळूच म्हणाली. दाराबाहेर चपला घालणाऱ्या सासूबाई थबकल्या. त्या जिना उतरून गेल्या, असंच सुनेला वाटलं होतं.

रोज दुपारी त्या वाचनालयात जात, पण आज तिथे त्यांनी पेपर उघडलाच नाही. ग्रंथपालांना इंग्रजी चांगलं यायचं. सहज विचारल्यासारखं करून त्यांनी त्या तीन शब्दांचा अर्थ विचारला. किनाऱ्यावर पहारा नाही, गुपचूप उतरायला हरकत नाही, असा मूळ अर्थ असावा, ते म्हणाले. आता मात्र कोणी बघत नाही, बिनधास्त ये, असं कळवायला वापरतात.

"म्हणजे चोरटा कारभार असला की," म्हणून ते हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. त्या निघाल्या की सून बाल्कनीत येऊन उभी राहायची. त्यांना वाटायचं, काळजीने बघते. परतल्यावर ओट्यावर एक ताट जास्तीचं निथळत असायचं. पलंगाची चादर नव्याने ताणलेली. आणि मुलगा बिचारा सकाळी टाय बांधून जातो तो दिवस मावळल्यावर येतो. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला सांगणार काय?

दुसऱ्या दुपारी त्या निघाल्या, बाल्कनीतून दिसतील अशा कोपऱ्यापर्यंत गेल्या, आणि मागच्या जिन्याने येऊन वरच्या मजल्याच्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने लिफ्ट थांबली. टोपी घातलेला एक पुरुष बूट हातात घेऊन, पाऊल न वाजवता दाराशी आला. सासूबाईंनी कठडा घट्ट धरला.

दार उघडलं. त्याने टोपी काढली. तो त्यांचा मुलगा होता.

"कुठे जागा निघाली का?" सुनेने विचारलं.

"सगळे आधी हेच विचारतात, जुन्या कंपनीने का काढलं." तो दाराला टेकला. "आईला संशय नाही ना आला?"

"नाही. जेव आणि जरा पड. आई यायच्या आत उठवते."

दार लागलं. सासूबाई पायरीवरून उठल्या नाहीत. घरात झोप लागलेल्या माणसाला चाहूल लागेल, म्हणून त्यांनी खोकलाही पदरात दाबला.

संध्याकाळी मुलगा टाय सैल करत घरी आला. आज फार काम होतं, म्हणाला. दमला असशील, एवढंच त्या बोलल्या.

मग स्वयंपाकघरात जाऊन सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून मी जेवण झाल्या झाल्या निघत जाईन. वाचनालयात पंखा छान आहे."

सून हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली.