कासाबाईची विळी

"भुईवर ठिवा, आत्याबाई. मी उचलून घेते."

नवी सून कमल चुलीपुढं उकिडवी बसली होती. समोर अंबाडीची जुडी. पुढं केलेला हात तिनं मागं घेतला आणि पदराखाली लपवला. सासू बायनाबाई विळी घेऊन तशीच उभी राहिली. विळी हातातून हातात देऊ नये, दोघींत भांडणं लागतात, हे बायनाबाईला ठाऊक नव्हतं थोडंच? तिच्याइतकं तर साऱ्या चारठाणा गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

चोवीस वर्षांमागं ह्याच चुलीपुढं तिच्या सासूनं, कासाबाईनं, हीच विळी तिच्या हातात दिली होती. थेट हातात. चुलतसासू पार्वतीबाईनं कपाळाला हात लावला. "कासे, काय केलंस गं! आता जलमभर वाजंल तुमचं."

वाजलं. मीठ कमी पडलं म्हणून वाजलं, पुरलं म्हणून वाजलं. शेळीच्या दाव्याला गाठ कशी मारावी यावरून दोघी तीन दिवस भांडल्या, तोवर शेळीनं दावंच खाल्लं. बाप्ये मेंढरं घेऊन चार-चार महिने रानात. घरात ह्या दोघी. धार लावून लावून विळीचं पातं करंगळीएवढं उरलं, भांडण मात्र झिजलं नाही.

कासाबाई गेली ती नामांतराच्या धामधुमीत. एस.टी. बंद. सेलूला दिलेल्या दोन्ही लेकी पोचल्या नाहीत. उशाशी होती ती ही भांडणारीच. तेव्हापासून घर गप्प झालं. कमलला येऊन नऊ दिवस झाले होते. गुणाची पोर. काही म्हटलं तरी "व्हय, आत्याबाई." मुद्दाम टोचून पाहिलं तरी "व्हय, आत्याबाई." परवा बायनाबाई शेळीशीच भांडत बसली.

"ठिवा की," कमल हळूच म्हणाली.

बायनाबाई वाकली. विळी भुईला टेकणार, तोच हात थांबला. शेवटच्या दिवशी कासाबाईनं तिला असंच वाकायला लावलं होतं, तोंडाजवळ कान न्यायला.

"बायने, त्या दिशी इळी हातात दिली, ती चुकून न्हाई. मुद्दाम दिली."

"आता तरी खोटं बोलू नका."

"माझ्या सासूनं भुईवर ठिवली व्हती. सोळा वर्सं येका चुलीवर रांधलं, कधी बोलाचाली न्हाई. ती मेल्यावर रडाया बसले, तर तिचं येक बोलनं आठवंना." म्हातारीनं दम खाल्ला. "तुला लय आठवंल."

बायनाबाई सरळ झाली. तिनं कमलचा हात पदराखालून ओढून काढला, विळी त्यात दिली आणि वरून आपल्या हातानं तिची मूठ आवळली.

पोर भेदरली. मुकाट्यानं अंबाडी चिरू लागली.

"इतकी जाड चिरतेत का गं? गुरांपुढं टाकायची हाय?"

पोरीनं आणखी चार काड्या पात्यावर ओढल्या. मग खाली मान घालूनच कमल म्हणाली, "आमच्याकडं अशीच चिरतेत. आन चवीला लय चांगली लागती."

बायनाबाईनं तोंड चुलीकडं फिरवलं. चिरायला अंबाडी होती, कांदा नव्हता. तरी तिला पदर डोळ्यांना लावावा लागला.