कोपऱ्यातला पालक

सातवीच्या गणिताच्या बाई कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि वर्गात 'मला जमत नाही' या वाक्याला बंदी आली. ज्याच्या तोंडून ते निघेल त्याने फळ्यापाशी येऊन 'मला अजून जमलेलं नाही' असं मोठ्याने म्हणायचं. पालकसभेतही बाईंनी तोच धोशा लावला. "आईच्या पोटातून गणित शिकून कुणी येत नाही! चुकतमाकतच येतं ते."

बाकीचे पालक पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. एक बाप तेवढा मागच्या कोपऱ्यात उभा. दोनदा 'बसा' म्हटलं तरी ढिम्म. बाईंचं डोकं आधीच तापलेलं, कारण त्याच्याच मुलीने चाचणीचा पेपर कोरा दिला होता.

"तिच्या मागे लागू नका, बाई," तो म्हणाला. "दगडावर पेरून काय उगवणार?"

बाई कडाडल्या. "पोटच्या पोरीला दगड म्हणता? जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळगा! असलं विष तुमच्या डोक्यात भरवलं कुणी? आणा त्याला माझ्यासमोर, चारचौघांत खरडपट्टी काढते त्याची!"

सगळ्या माना मागे वळल्या. तो जागचा हलला नाही.

&nbsp;

"मी सातवीत होतो. याच कोपऱ्यात उभं करून, चारचौघांतच सांगितलं होतंत, बाई. तुम्हीच."