ढिली चेन

वडिलांच्या मोटरसायकलची चेन पुन्हा लोंबत होती. कालच संध्याकाळी कोरीनने मागच्या चाकाचा नट सोडवून ती स्वतःच्या हाताने ताणली होती. आज गॅरेज उघडून बघते तर खालून बोट लावलं की चेन आपली झुलतेय. आठवडाभर हेच चाललं होतं. जुनी होऊन सैल पडली म्हणावं, तर बर्फ वितळल्यावरच नवी टाकलेली. तिला काही कळेचना. गॅरेजात येणारी माणसं दोनच, ती आणि तिचे वडील, वर्नन.

पण वर्नन असं करेल? ढिली चेन दिसली तर अनोळखी माणसालाही भर चौकात झापणारा तो! चेनला दोन बोटांची ढील हवी, तिसरं बोट मावलं तर ते मोडून ठेवीन, असा लेकीला त्याचा दम असायचा.

अर्थात, आता वय झालं होतं. गेल्या महिन्यात भर दुपारी स्टॉपची पाटी त्याला दिसलीच नाही. मक्याचा ट्रक थोडक्यात चुकला. भाऊ फोनवर म्हणाला, गाडीची किल्ली काढून घे. बोलायला त्याचं काय जातं, तो बसलाय अ‍ॅरिझोनात! गाडी काढून घेतली तर म्हातारा खचेल, हे कोरीनला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती रोज शब्द गिळत होती. आता डोळ्यांपाठोपाठ डोकंही चाललं की काय? तिने पाना उचलला.

तेवढ्यात कॉफीचा मग घेऊन वर्नन आत आला. पाना बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पुन्हा आवळायला बसलीस? शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं म्हणायचं."

"बाबा, चेन पार लोंबतेय. तुम्हाला दिसत नाही का?"

"गाडी रिकामी आहे म्हणून लोंबतेय. माणसं बसली, गाडी दबली, की चेन ताणते. आत्ताच आवळलीस तर दोघांच्या वजनाने तुटेल."

कोरीन आणखीच गोंधळली. आई गेल्यापासून मागच्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. तिने विचारलं, "तुमच्या मागे कोण बसणार आहे?"

"माझ्या मागे कोणी नाही," वर्नन म्हणाला. "तुझ्या मागे मी."