एक तरी वाक्य

लेखनवर्गाचा नियम सोपा होता. बिननावाचे, टाइप केलेले लेख आपसात वाटायचे आणि प्रत्येक लेखाखाली हाताने आधी एक कौतुक लिहायचं, मग एक सूचना. बायकोच्या आग्रहामुळे तिच्यासोबत वर्गाला येणाऱ्या निवृत्त मुद्रितशोधकांना कौतुक जरा जड जायचं. सूचना मात्र डाव्या हातचा मळ. छापखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुकाच काढल्या होत्या.

आज त्यांच्या वाट्याला 'संध्याकाळचं स्वयंपाकघर' हा लेख आला. त्यांनी लिहिलं, "उतू गेलेल्या दुधाचा वास थेट नाकात शिरतो. छान." आणि खाली, "नवरा पहिल्या ओळीपासून खुर्चीत बसलाय, तो शेवटपर्यंत मूग गिळून. असं कुठे असतं का? त्याच्या तोंडी एक तरी वाक्य घाला."

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पेपर उघडला. बायकोने गॅसवर दूध ठेवलं, पर्समधून तो लेख काढला आणि खालचं अक्षर पुन्हा एकदा वाचलं.

"अहो, सूचना पटली मला," ती म्हणाली. "पण खूप आठवून पाहिलं. तुम्हीच सांगा ना एखादं."