चौथी काडी

यंत्र जागं झालं आणि पहिल्याच ओळीत त्याने वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवली.

"घ्या," आई म्हणाली. "याच्या मते तू अजून सहा वर्षांची आहेस."

मुलगी हसली, पण बेतानंच. गेले तीन आठवडे मायलेकी फक्त पाने, पेचकस आणि कागदपत्रं एवढ्यावरच बोलत होत्या. समुद्रापलीकडच्या बेटांवर टपाल आणि माणसं पोचवायची दोन वर्षांची नोकरी मुलीने धरली होती, आणि होकार कळवून झाल्यावर घरी सांगितलं होतं. हे चार आसनांचं विमान तिनेच तिकडे न्यायचं होतं. साडेसातच्या आत निघायला हवं, मग वारा उलटतो. आत्ता सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

आईची तीस वर्षं याच धावपट्टीवर विमानांत यंत्रं बसवण्यात गेली होती. वाट दाखवणारं हे यंत्र लांबच्या कारखान्यातून दुरुस्त होऊन आलं होतं. आतला सेल बदललेला, त्यामुळे आपण कुठे आहोत, आज वार कोणता, कशाचा म्हणून त्याला पत्ता नव्हता. अशा वेळी त्याला तारीख, वेळ आणि साधारण ठिकाण सांगायचं. मग ते नेमक्या त्याच बाजूचे उपग्रह हुडकतं आणि दोन मिनिटांत शहाणं होतं. ठिकाण नाही सांगितलं, तर अख्खं आभाळ पालथं घालत बसतं. पाव तास कुठे गेला नाही.

आईने तारीख भरली, वेळ भरली. ठिकाणाच्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं.

"आकडे आत्ता नेमके आठवत नाहीयेत," ती म्हणाली. "शोधू दे त्याचं त्याला."

झोपेतून उठवलं असतं तरी तिने ते आकडे घडाघडा म्हटले असते. शिवाय विमानाच्या नाकासमोर वीस पावलांवर एक पाटी रोवलेली होती, आणि या जागेचे अक्षांश-रेखांश तिच्यावर तळहाताएवढ्या आकड्यांत रंगवलेले होते. पण दारं लावलेल्या थंडगार विमानात दोघींच्या श्वासांनी समोरची काच आतून पांढरी झाली होती.

मुलीने दाराच्या खणातून फडकं काढलं. आईने उगाचच एक स्क्रू घट्ट केला. मुलीने फडक्याची घडी घातली आणि ते मांडीवर ठेवलं.

यंत्राच्या पडद्यावर पहिली हिरवी काडी उभी राहिली. वर कुठेतरी एक उपग्रह सापडला होता. बाहेरचे आवाज कापसातून यावेत तसे येत होते. विमान जमिनीवर आहे की ढगात, हे आतून सांगता आलं नसतं.

"तिकडे थंडी असते?" आईने विचारलं.

"असते."

"निळा स्वेटर?"

"घेतलाय."

दुसरी काडी. मनोऱ्यातल्या माणसाने रेडिओवरून विचारलं, की दोघी झोपल्यात की काय. यंत्र आभाळ शोधतंय, असं आईने कळवलं. त्या भल्या माणसाला मनोऱ्यातून ती पाटी स्वच्छ दिसत होती. त्याने नुसतं बरं म्हटलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," मुलगी समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत म्हणाली.

"म्हणाले असते."

"मग?"

"मग दोन दिवस धुसफुसले असते, आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले असते." आई पडद्याकडेच बघत होती. "ते माझे दोन दिवस तू खाल्लेस गं."

मुलीने फडक्याची आणखी एक घडी घातली. मग आणखी एक, इतकी बारीक, की आता त्याने चष्म्याची काचसुद्धा पुसून झाली नसती. थोड्या वेळाने तिचं डोकं आईच्या खांद्याला टेकलं, आणि आईने स्क्रू घट्ट करणं थांबवलं.

तिसरी काडी कधी आली, दोघींनाही कळलं नाही. चौथी आली तेव्हा यंत्राने बारीक आवाज केला आणि ठिकाण दाखवलं. सात पंचवीस.

मुलगी सरळ बसली. फडक्याच्या सगळ्या घड्या तिने उलगडल्या आणि आपल्या बाजूची काच पुसली. समोर पाटी उभी होती. तिने एकदा पाटीवरचे आकडे पाहिले, एकदा पडद्यावरचे.

"जुळतात," ती म्हणाली.

"जुळणारच," आई म्हणाली आणि हत्यारं गोळा करायला लागली.

"आई, परत येताना मात्र ठिकाण मी भरीन हं. दोन मिनिटांत निघेन."

आई खाली उतरली, दार लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि बाजूला झाली. पंखा फिरला. विमान वळून तिच्यासमोरून गेलं तेव्हा तिला दिसलं, पुसलेली काच अर्धीच होती. आई बसली होती त्या बाजूची अर्धी अजून तशीच पांढरी होती.