लख्ख चित्र

शिवणकाम करणारी आई लेकीला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात आली. गेम खेळण्यासाठी पोरीला सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर बनवायचा होता, पण बजेट बेताचंच होतं. "ताई, ग्राफिक्स कार्ड साधं घ्या, पुढे बदलता येईल," दुकानदार म्हणाला. "पुढचं पुढे. चित्र आत्ता लख्ख दिसलं पाहिजे," आईने ठणकावलं. लेकीची नजर वर्षभरात जाणार, हे डॉक्टरांनी आईला एकटीला बोलावून सांगितलं होतं. तिने ते पोटातच ठेवलं. आईने निवडलेला मोठा मॉनिटर लेकीने हळूच बाजूला सारला आणि भारीतला हेडफोन उचलला. "स्क्रीन छोटी चालेल गं. हा नंतरही कामाला येईल." "नंतर म्हणजे?" आईचा आवाज चिरकला. "मला माहितीये, आई. रडत देवाकडे माझे डोळे मागताना तू शिलाई मशीन चालवतेस, तरी ऐकू येतं." आईने मोठा मॉनिटर स्वतःच परत फळीवर ठेवला. उरलेले भाग लेकीने एकटीनेच निवडले.